वीस फूट सोडून

सोमेशनं फक्कीची पाटी कमरेला टेकवली आणि मुठीमुठीनं पांढरी रेघ ओढत तो उलट्या पावलांनी मागं सरकू लागला. टेपाचं दुसरं टोक धरून त्याचा बाप भीमाशंकर दगडापाशी गुडघे टेकून बसला होता. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, पण टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली होती. त्या दगडापाशी तो कधी टोपी घालून बसत नसे.

"वीस फूट सोड रे सोम्या. एक इंच कमी न्हाय चालायचं."

"सोडलं की अप्पा. वीसवर अर्धा जास्तच सोडलाय."

सोमेशची आई शिवम्मा चहाची किटली घेऊन बांधावरून खाली येत होती. रेघ दगडापासून लांब राहून ओढ्याकडं गेली, बोरीच्या झाडासमोरून वळली आणि परत वर आली. चौकोन पुरा झाला. शिवम्माचे पाय जागच्या जागी रोवले गेले. तिनं बोरीकडं पाहिलं, बोरीसमोर लांब दिसणाऱ्या देवळाच्या कळसाकडं पाहिलं आणि मग त्या पांढऱ्या चौकोनाच्या मधोमध पाहिलं. हातातली किटली कलंडून चहा पायावर सांडला, तेही तिला कळलं नाही.

"अव्वा, चहा!" सोमेश ओरडला. "भाजलं का?"

"न्हाय."

"बघ, कसं बसवलंय तळं. तंगीला धक्का न्हाय."

तंगी म्हणजे त्याची धाकटी बहीण, गायत्री. आठ वर्षांमागं कावीळ झाली आणि आठवड्यात गेली. चौदाचं लेकरू. लिंगायताचं घर, आपल्याच रानात माती द्यायची रीत. वरचं रान सगळं खडकाचं. पहारी वाकल्या, पण खड्डा काही होईना. शेवटी खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या अंगाला काळी माती होती, तिथं तिला बसवलं आणि वर हा हातभर दगड उभा केला. कुणाला वाटलं होतं, की त्याच कोपऱ्यावर पुढं घराचा जीव अडकेल?

अडकला खरा. जळकोटपासून आडबाजूला असलेल्या ह्या वस्तीवर सोमेशनं म्हशींचा गोठा उभारला, त्याला आता सहा वर्षं होत आली. पोरगं कष्टाळू. गोठ्याच्या पत्र्यांना त्यानं पन्हाळी लावल्या, पाइप जोडले, पत्र्यावर पडलेला थेंब न् थेंब सिमेंटच्या टाकीत घेतला. पण म्हशीचं पोट म्हणजे काय वाटीचं काम आहे होय? दिवाळी सरली की टाकीचा तळ दिसायचा. बोअर तर नावालाच. मागच्या उन्हाळ्यात टँकरच्या खारट पाण्यानं दोन म्हशी गाभडल्या आणि बाकीच्यांतल्या निम्म्यांना बाजार दाखवावा लागला. उरल्या त्यांत एक चंद्री होती. गायत्रीनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली वगार. आता तीच गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस. यंदा तळं झालं नाही तर चंद्रीच्या गळ्यातही बाजाराचं दावं पडणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

आणि तळं होणार तर खालच्या कोपऱ्यातच. वरच्या माळाचं, गोठ्याचं, वाटेचं, सगळं पाणी तिथंच येऊन मिळायचं. सोमेशनं पहिल्यांदा आखलं तेव्हा दगड तळ्याच्या पार मधोमध येत होता. "जंगम अय्यांना बोलावू, विधी करू, तंगीला वर नेऊ," असं तो म्हणाला मात्र, भीमाशंकर जेवत्या ताटावरून उठला. पुढं महिनाभर पोरानं कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. "माझ्या लेकीला एकदा बसवलीया. पुन्हा उठवायची न्हाय. म्या मेल्यावर काय करायचं ते कर." शेवटी सोमेशच नमला. तळं लहान केलं, ओढ्याकडं सरकवलं, दगडापासून वीस फूट सोडले. बापलेकांत पुन्हा बोलणं सुरू झालं. घरात महिन्याभरानं गोडधोड शिजलं.

त्या वीस फुटांचं दोघांना केवढं कौतुक! आणि शिवम्माला एकटीला ठाऊक होतं, की दगडाखाली गायत्री नाही.

पाच वर्षांमागं ऐन सुगीत ढगफुटी झाली. एका रात्रीत ओढा फुगला, खालचा बांध फोडून रानात शिरला आणि पट्टाभर जमीन घेऊन गेला. पाणी ओसरलं तेव्हा दगड जागेवर नव्हता. भीमाशंकर दोन दिवस गुडघाभर चिखलात चाचपडत होता. अन्न नाही, पाणी नाही. तिसऱ्या दिवशी त्याला दगड सापडला. तोवर घाईघाईनं नवा बांध घातला होता, त्या बांधावरून त्यानं पावलं मोजली, जुनी पावलं त्याला पाठच होती, आणि दगड उभा केला. भल्या माणसाला एवढं सुचलं नाही, की बांधच सरकलाय. त्यावरून मोजलेली जागाही सरकणार! पण त्या वेळी त्याला काय सुचणार होतं? अंगातल्या सदऱ्यानं दगड पुसून तो शिवम्माकडं वळला. चिखलानं माखलेलं तोंड, त्यावरून डोळ्यांच्या दोन धारा.

"सापडली गं शिवे," तो म्हणाला होता. "आपली गायत्री सापडली."

शिवम्मानं तेव्हाच बोरीकडं पाहिलं होतं. माती देताना ती त्याच बोरीच्या बुंध्याला पाठ लावून बसली होती. उठायची ताकदच नव्हती. समोर देवळाचा कळस आणि कळसाच्या रेषेत, चार पावलांवर, लेकीचा खड्डा. हे असं काही डोळ्यांत रुतून बसतं की बाईला मरेपर्यंत विसरता येत नाही. दगड चांगला पंधरा-वीस पावलं चुकला होता. पण त्या तोंडाकडं बघून तिच्यानं "व्हय" म्हणण्यापलीकडं काही झालं नाही. नाहीतरी लेक आपल्याच रानात आहे. दगड इथं काय आणि तिथं काय! तेव्हापासून ती दगडाला फूल वाहायची आणि परतताना वाट सोडून, बोरीसमोर एक पाकळी हळूच टाकायची. त्या तेवढ्या तुकड्यातलं कडवळ ती कुणाला कापू देत नसे. स्वतः विळा घेऊन बसायची. सगळ्यांना वाटे, म्हातारपणाची लहर.

आता फक्कीची रेघ बरोबर त्या तुकड्याभोवती फिरली होती. जी जागा वाचवायला बापलेक महिनाभर भांडले, तीच जागा त्यांनी खोदायला काढली होती. आणि मशीन सकाळी येणार होतं.

संध्याकाळी धारा काढताना शिवम्मानं चंद्रीच्या कासेखाली चरवी धरली आणि जणू सहजच विषय काढला.

"सोम्या, तळं जरा वर सरकवलं तर?"

"वर खडक हाय अव्वा. सुरुंग लावावा लागंल. अन् पाणी काय डोंगर चढतंय व्हय?"

"मग दगडाच्या पल्याड?"

"पल्याड दोन हातांवर सिद्धलिंगकाकाचा बांध. ते इंचभर सोडणारं माणूस हाय का?" सोमेशनं पेंड घमेल्यात ओतली. मग हात झटकून तो तिच्याकडं वळला. "तुझ्या मनात काय हाय ते सांग. अजून जवळ वाटतंय का? तंगी माझी कुणी नव्हती का अव्वा? तिच्यासाठी तळं निम्मं केलं म्या. अजून लहान केलं तर म्हशी काय, शेरडंसुद्धा जगायची न्हाईत."

"न्हाय रे. उगंच विचारलं."

"मशीन पुन्हा मिळायचं न्हाय. पाऊस तोंडावर आलाय. सगळा तालुका रांगेत हाय."

"व्हय बाबा. कळतं मला."

चरवीतल्या दुधावर फेस चढत होता. चंद्रीनं मान वळवून तिच्या खांद्याला नाक लावलं. लेकीनं वाढवलेलं मुकं जनावर जगवायचं तर लेकीला उकरायचं, आणि लेकीला राखायचं तर हे खाटकाच्या वाटेला लावायचं. देवानं आईपुढं असा निवाडा का टाकावा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

पोराला सांगून उपयोग नव्हता. सांगायचं तर नवऱ्यालाच. दूध गाळून ठेवून ती खालच्या कोपऱ्याकडं निघाली. ऊन उतरलं होतं. भीमाशंकर रोजच्यासारखा दगडापाशी बसला होता, टोपी मांडीवर. तिची चाहूल त्याला लागली नाही. तो बोलत होता.

"उद्या मशीन येतंय बाळा. लई आवाज हुईल. भ्यायचं न्हाय. जमीन हादरंल जराशी, पर तुझ्यापातूर काय येत न्हाय. वीस फूट सोडलंय. टेप म्या सोता धरला हुता." त्यानं दगडाच्या बुडाची माती थापटली. "अन् चंद्रीला आता कुटं धाडत न्हाय. पाणी हुतंय आपल्याला. तुझी चंद्री हितंच म्हातारी हुईल."

शिवम्मा तिथंच, त्याच्या पाठीमागं उभी राहिली. सांगायचं म्हणून तिनं वाटेत शब्द जुळवून आणले होते. अवो, ऐका, जागा चुकलीया. एवढंच तर म्हणायचं होतं.

तिची सावली दगडावर पडली तसा तो वळला. जरा लाजला.

"बोलत बसलो हुतो."

"आयकलं."

"हसशील. पर तिच्यापाशी बसून चार शब्द बोललो की मग मला झोप लागती. न्हायतर पहिली तीन वर्सं म्या कशी काढली, तुला ठाव हाय. आता वाटतं, ती ऐकतीया." त्यानं टोपी उचलून झटकली. "तू काय म्हणत हुतीस?"

बोललं तर तळं जाणार, तळ्याबरोबर गोठा जाणार. तेही एक वेळ तिनं सोसलं असतं. पण ह्या माणसाला काय सांगायचं? की पाच वर्षं तू मोकळ्या मातीशी बोलत आलास? की ज्या तुकड्यावरून तू दर साल कुळव फिरवलास, ती तुझी लेक होती? एकदा गेली तेव्हा तो वेडापिसा झाला होता. पुन्हा हरवली तर तो उठायचा नाही. हे तिला इतकं लख्ख दिसलं, की जुळवलेले शब्द तिनं आवंढ्याबरोबर गिळून टाकले.

"भाकरी निवायला लागली म्हणत हुते," ती म्हणाली. "चला."

सकाळी उन्हं वर यायच्या आत पोकलेन आलं. भीमाशंकरनं नारळ फोडला. ऑपरेटर शंभू नावाचा, बोलका माणूस होता. मशीनच्या दांडीला त्यानं स्वतःच कुंकू लावलं. शिवम्मा भाकरीचं गाठोडं आणि पाण्याची घागर घेऊन बोरीखाली येऊन बसली.

"अव्वा, घरी बस की. धूळ उडंल," सोमेश म्हणाला.

"बघू दे मला. तळं कसं हुतंय ते."

तोंडभर हसून सोमेश गेला. आईला एकदाचं तळ्याचं कौतुक वाटलं, असं त्याला वाटलं असणार.

मशीन वरच्या अंगानं खोदत खोदत खाली येऊ लागलं. बकेट जमिनीत घुसायचं, वर यायचं, गर्रकन फिरून बांधावर माती टाकायचं. शिवम्मा बकेटाकडं पाहत नव्हती. पांढऱ्या कळसाची आणि स्वतःच्या पायांची रेघ ती नजरेनं धरून बसली होती. दुपार होईतो मशीन त्या रेघेच्या जवळ आलं. सोमेश डिझेल आणायला जळकोटला गेला होता. भीमाशंकर जनावरांना पाणी दाखवायला गोठ्याकडं वळला होता. शिवम्मा उठली आणि हात वर करून मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

शंभूनं घाबरून दांडा ओढला. "मावशी! मरायचंय का?"

"आधी माझं एक काम कर. त्या दगडाच्या कडंला एक बकेट उकर. मला तिथं ओटा घालायचाय. पाया नको का?"

"मालक म्हणाले, दगडाकडं जायाचं न्हाय."

"मालकीण म्या हाय. दगडाला धक्का लावू नको, बाजूला उकर. अन् हितली माती बांधावर टाकायची न्हाय. तिकडं दगडापाशी टाकायची. हितली तेवढी."

"सगळी माती सारखीच, मावशी."

"मला हितलीच पायजे."

म्हाताऱ्या बाईच्या नादाला कोण लागतो! शंभूनं मशीन वळवलं, दगडाशेजारी एक खड्डा काढला आणि परत येऊन बोरीसमोर दात लावले. शिवम्मा काठावर उभी. एक थर निघाला. काळी माती. दुसरा निघाला. काळीच. तिसऱ्या वेळी बकेट वर आलं तेव्हा मातीत पांढरट लपके दिसले. शंभूनं खाली वाकून पाहिलं.

"चुनखडी लागली वाटतं," तो म्हणाला.

लिंगायतांत माणसाला माती देतात तेव्हा खड्ड्यात विभूती भरतात, मीठ भरतात. गायत्रीच्या वेळी विभूतीचे गोळे शिवम्माच्याच हातानं गेले होते. तिनं बोरीची एक फांदी घट्ट धरली. काटे तळव्यात रुतले.

"व्हय," ती म्हणाली. "चुनखडीच असंल."

"ओट्याला ही माती चांगली न्हाय. भेगा पडत्यात."

"पडू दे. तू आता मशीन बंद कर अन् गोठ्याकडं जाऊन च्या पिऊन ये. सकाळधरनं दमलास."

"एवढं झालं की जातो."

"आत्ता जा." तिचा आवाज असा काही निघाला, की शंभूनं मुकाट्यानं बकेट जमिनीला टेकवलं, चावी फिरवली आणि गमछा खांद्यावर टाकून तो चालू लागला.

रान एकदम शांत झालं. शिवम्मानं गाठोडं सोडलं. भाकरी बोरीखाली नुसत्याच ठेवल्या, फडकं झटकलं आणि ते घेऊन ती त्या खड्ड्यात उतरली. गुडघे टेकले. खुरपं होतं कमरेला, पण ते तिनं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती उकरू लागली. मग बकेटातलीही चाचपली. तिथं तिला काय मिळालं आणि काय नाही, ते तिनं पुढं जन्मात कुणाला सांगितलं नाही. ती रडली मात्र मोठ्यानं. रान मोकळं होतं, बाई एकटी होती, आणि आठ वर्षांमागं चारचौघींनी धरून ठेवलं होतं म्हणून जे रडणं आत राहून गेलं होतं, ते सगळं त्या दुपारी बाहेर पडलं. "यव्वा गं," ती म्हणत होती, "माझं बाळ गं, थांब जरा, थांब, झालंच."

फडक्याच्या चारी टोकांची गाठ मारून, ते पोटाशी धरून ती वर आली. भार काहीच नव्हता. धुण्याचं बोचकंसुद्धा ह्याहून जड असतं. दगडाशेजारच्या खड्ड्यात तिनं ते ठेवलं, ओंजळी ओंजळीनं वर माती लोटली आणि फडकं दिसेनासं झाल्यावर मागं सरून बसली.

शंभू आला. त्यानं बोरीसमोरची माती तीन-चार बकेटं आणून दगडापाशी ओतली आणि पुढच्या कामाला लागला. थोड्या वेळानं गोठ्याकडून भीमाशंकर लगबगीनं उतरला. दगडापाशी मातीचा ढीग बघून त्याचा चेहराच उतरला.

"हे काय? कुणी सांगितलं हितं मशीन आणायला?"

"म्या."

"तू?"

"ओटा घालते तिला," शिवम्मा म्हणाली. "नुसता दगड किती दिस ठेवायचा? उन्हात, पावसात. पुन्हा ओढा आला तर? वर उंच ओटा असला म्हणजे हलायची भीती न्हाय."

भीमाशंकरनं टोपी काढली.

"माझ्या डोस्क्यात कसं आलं न्हाय गं हे?" तो ढिगापाशी आला. "एवढी वर्सं झाली. तुझी तू एकली करत बसलीस. मला हाळी द्यायची न्हाय व्हय?" तिचे हात पाहून तो थांबला. "रगात निघालंय."

"बोरीचं काटं लागलं."

"सर बाजूला. सावलीत बस तू. म्या करतो."

हे तिनं एकटीनंच पुरं करायचं ठरवलं होतं. पण शेजारी पडलेलं फावडं त्यानं उचललं, तशी ती उठून उभी राहिली आणि तिनं दांडा धरला.

"फावडं नको. हातानं लोटा."

"हातानं? एवढी माती?"

"व्हय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. डोळे सुजलेले, तोंडावर धूळ, धुळीतून ओघळ. विचारायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि काही न विचारता फावडं खाली ठेवलं. तो गुडघ्यावर बसला. दोन्ही हात मातीत घालून त्यानं ती दगडाकडं लोटायला सुरुवात केली, जनावरांत राबलेल्या माणसाच्या रांगड्या, घाईच्या हातांनी.

"हळू," शिवम्मा म्हणाली.

"माती तर हाय."

"व्हय. तरी हळू."